बॅन्फ ते जॅस्पर सायकलने: घाटापेक्षा उताराची तयारी करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ५१ वर्षांच्या, मिस्टर ५५ चे. दोघंही पुण्यात सहा वर्षं सायकल चालवताय, सिंहगड नेहमीचा, एकदा पुणे-गोवा झालंय आणि एक २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. पुढच्या उन्हाळ्यात मुलीकडे कॅल्गरीला येणार आहात, तेव्हा कॅनडातल्या रॉकी पर्वतात बॅन्फ ते जॅस्पर अशी सहा दिवसांची, गाइड आणि गाडी सोबत असलेली सायकल सहल करायची आहे. चढ झेपेल का, मिस्टरांच्या गुडघ्याचं काय, गाइडची खरंच गरज आहे का, अस्वलं आडवी आली तर काय, आणि सहल निवडताना नेमकं काय बघायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी मूळचा साताऱ्याचा, चौदा वर्षांपासून कॅल्गरीत आहे आणि उन्हाळ्यात याच रस्त्यावर गाइडचं काम करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चढाची भीती पहिल्यांदा काढून टाका. बॅन्फ गाव साधारण आपल्या महाबळेश्वरच्या उंचीवर आहे. तिथून ५८ किलोमीटरवर लेक लुईस, ते गाव कळसूबाईच्या शिखराहून थोडंसंच खाली. लेक लुईसपासून जॅस्परपर्यंतचा २३२ किलोमीटरचा रस्ता म्हणजे आइसफील्ड्स पार्कवे. त्यावर दोन खिंडी लागतात: बो समिट, सुमारे २०७० मीटर, आणि सनवॉप्टा पास, २०३५ मीटर. म्हणजे लडाखसारखी विरळ हवा नाही, डोकं धरणं नाही. सिंहगडावर तुम्ही नऊ-दहा किलोमीटरांत जेवढी उंची चढता, साधारण तेवढीच उंची लेक लुईस ते बो समिट या ४० किलोमीटरांत विखुरलेली आहे. बराच वेळ तर रस्ता चढतोय हे डोळ्यांना कळतही नाही, फक्त पायांना कळतं. खरा म्हणावा असा घाट एकच आहे. सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंग या मधल्या थांब्याकडून सनवॉप्टाकडे जाताना दरीच्या टोकाशी रस्ता एक प्रचंड वळण घेतो आणि मग काही किलोमीटर उभा चढत जातो. इथले सायकलवाले त्याला 'बिग हिल' म्हणतात. सिंहगडाची सवय असलेल्या माणसाला तो चढ नवा नाही. भाड्याच्या सायकलला मागे ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरचक्रांचा संच) आहे का एवढं मात्र विचारून घ्या.

मग काळजी कशाची करायची? उताराची. लोकांना सांगितलं की ते हसतात, म्हणून माझ्याच चुकीची गोष्ट सांगतो.

जूनचा शेवटचा आठवडा होता, गटात नऊ जण. लेक लुईसहून निघालो तेव्हा लख्ख ऊन. बो समिटला पोहोचेपर्यंत सगळे घामाने चिंब आणि खुशीत. पेटो तलावाच्या सज्जावरून तो निळा-हिरवा रंग बघून झाला. तो रंग हिमनदीने दगड दळून केलेल्या पिठाचा असतो, पाण्यात तरंगत राहिलेल्या. तेवढ्यात पश्चिमेकडून ढग आले आणि गारठलेला पाऊस सुरू झाला, मध्येच बर्फाचे कण. गाडी मी पुढे पाठवली होती, सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंगला जेवण मांडायला. जाकिटं गाडीत. उतार म्हणजे पटकन खाली पोहोचू, असा मी हिशेब केला. तो हिशेब चुकला. चढताना अंग स्वतःची ऊब तयार करतं. उतारावर पाय थांबतात, अंग ओलं असतं आणि ताशी चाळीसच्या वेगाचा वारा छातीवर येतो. दहा-बारा किलोमीटरांत गटातल्या एका काकांची बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबला जाईना. वॉटरफाउल लेक्सपाशी त्यांना थांबवलं तेव्हा ते थरथरत होते आणि बोलताना जीभ जड झाली होती. फोनला रेंज नाही. तिथे तळ टाकलेल्या एका कुटुंबाने त्यांना आपल्या मोटरहोममध्ये घेतलं, हीटर लावला, गरम पाणी दिलं. तासाभराने ते माणसात आले. ते कुटुंब तिथे नसतं तर काय, हा विचार मला आजही सोडत नाही.

त्या दिवसापासून माझ्या गटात नियम आहे: पावसाचं जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि हेल्मेटखाली बसणारी पातळ टोपी सायकलवरच राहणार, ऊन असो वा नसो. खिंडीवर पोहोचलं की फोटोच्या आधी कोरडा बनियन. तुम्ही वरंध किंवा ताम्हिणीत जुलैच्या पावसात सायकल चालवली असेल, तेव्हा भिजण्याचा आनंद असतो. इथला पाऊस तसा नाही. जुलै-ऑगस्टमध्येही खिंडीवर बर्फ पडू शकतो आणि हवा अर्ध्या तासात बदलते.

ब्रेकवरून आठवलं. इथल्या सायकलींना पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. तुमच्या सायकलींना तो उजवीकडे असेल तर पहिल्या दिवशी दुकानात सांगून बदलून घ्या, किंवा रिकाम्या मैदानात तासभर सवय करा. ओल्या उतारावर घाबरून चुकीचा हात दाबला की माणूस हँडलवरून पुढे जातो. आणि इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं असतं. सरळ रस्त्यावर ते लगेच जमतं. चूक होते ती थांब्यावरून पुन्हा निघताना. शरीर आपोआप डावीकडे वळतं. सकाळी निघताना दोघांनी एकमेकांना मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं, असं मी नव्या लोकांना सांगतो.

आता गाइडची गरज. रस्ता सापडायला गाइड लागत नाही, रस्ता एकच आहे. डांबर चांगलं, कडेला बहुतेक ठिकाणी रुंद पट्टी, मालवाहू ट्रकांना बंदी, गाड्यांना वेगमर्यादा ताशी ९०. तरुण मंडळी सामान लादून स्वतःच्या बळावर जातात आणि छान जातात. पण लेक लुईस सोडलं की जॅस्परपर्यंत फोन जवळजवळ मुका असतो. पेट्रोल मिळण्याचं मधलं ठिकाण एकच, सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंग, आणि तेही फक्त हंगामात. वाटेत ना गाव, ना टपरी, ना पंक्चरवाला. आपल्याकडे कोकणातल्या अगदी आडवाटेला पण दर दहा किलोमीटरला कुणीतरी 'काय झालं?' विचारायला येतो. इथे तो विचारणारा तुम्ही पैसे देऊन सोबत न्यायचा असतो. म्हणून तुमच्या वयाला, गुडघ्याला आणि पहिल्याच खेपेला माझं मत स्पष्ट आहे: गाडी आणि गाइड असू द्या.

मात्र सहल निवडताना जाहिरातीतली हॉटेलं बघू नका. या रस्त्यावर मुक्कामाच्या जागाच इतक्या मोजक्या आहेत की सगळे फिरून फिरून त्याच ठिकाणी उतरतात. फरक असतो तो गाडी कुठे असते यात. काही ठिकाणी गाडी सामान घेऊन थेट पुढच्या मुक्कामाला जाते आणि संध्याकाळी भेटते. त्याला सामान पोचवणं म्हणतात, सोबत नव्हे. चांगल्या सहलीत दोन गाइड असतात. एक शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे चालतो, दुसरा गाडी घेऊन गटाच्या अवतीभवती राहतो, साधारण २५-३० किलोमीटरांवर थांबतो, सगळे गेले की पुन्हा पुढे जातो. दहा-बारा जणांना दोन गाइड हे ठीक. चौदा जणांना एकच गाइड आणि तोच ड्रायव्हर असेल तर नको म्हणा.

दुसरं, रेंज नसताना ते एकमेकांशी कसे बोलतात? उत्तर उपग्रहावरून चालणारं यंत्र असं असायला हवं, आणि ते सायकलवरच्या गाइडकडेही हवं. गाइडांनी जंगलातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, ते चाळीस तासांचं की ऐंशी तासांचं, हेही निःसंकोच विचारा. नॅशनल पार्कमध्ये पैसे घेऊन सहली न्यायच्या तर पार्क्स कॅनडाचा व्यवसाय परवाना लागतो. त्याबद्दल विचारल्यावर चुळबुळ करणारी मंडळी टाळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हवा बिघडली तर आजचा टप्पा रद्द करण्याचा अधिकार गाइडला आहे की त्याला ऑफिसला विचारावं लागतं? जिथे फोनच लागत नाही तिथे ऑफिसला कोण विचारणार?

अस्वलं. हो, असतात, काळीही आणि ग्रिझलीही. बॅन्फ-जॅस्परला अस्वल दिसणं ही काही विशेष घटना नाही, आणि बहुतेक वेळा ते रस्त्याकडेचं गवत आणि फुलं खाण्यात गुंग असतं. सायकलचा धोका वेगळ्या कारणाने आहे. ती आवाज करत नाही आणि वेगात येते. वळणावर अस्वल दचकलं तर पळून जाण्याऐवजी अंगावर येऊ शकतं. म्हणून झाडी दाट असेल तिथे बोलत, हाका मारत जायचं. नुसत्या घंटीने भागत नाही, माणसाचा आवाज हवा. आपल्याकडच्या गटात ही अडचण सहसा येत नाही, गाणी सुरूच असतात. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला लाल बेरी पिकतात तेव्हा जास्त सावध राहायचं.

अस्वल पुढे दिसलं तर थांबा, सायकलवरून उतरा, हळूहळू मागे सरा. शंभर मीटर अंतर हा पार्कचा नियम आहे. हरणं, एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) आणि मेंढ्यांसाठी तीस मीटर. सप्टेंबरात माजावर आलेला एल्क नर अस्वलाइतकाच गंभीरपणे घ्या. अस्वल रस्त्याला लागूनच चरत असेल तर गाइड गाडी मागे आणतो आणि तुम्ही गाडीच्या आडोशाने, अस्वलाच्या विरुद्ध बाजूने पुढे सरकता. बेअर स्प्रे, म्हणजे मिरचीच्या अर्काचा फवारा, विमानात नेता येत नाही, ना हातात ना सामानात. तो इथेच घ्या आणि सायकलच्या दांड्यावर हाताला येईल असा बांधा. पाठपिशवीत ठेवलेल्या फवाऱ्याचा काही उपयोग होत नाही. रात्री खाण्याची एकही वस्तू सायकलच्या पिशवीत राहता कामा नये, चिक्कीचा तुकडासुद्धा नाही. प्राण्याला खाऊ घातलं तर दंड २५ हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो. दंडापेक्षा वाईट म्हणजे माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल बहुधा शेवटी मारावं लागतं.

दिशेबद्दल इथे दोन तट आहेत. बरेच जण जॅस्परहून दक्षिणेला येतात, कारण वारा बऱ्याचदा पाठीशी असतो. शिवाय हिमनद्या आणि तलावांचे सज्जे बहुतेक पश्चिमेला असल्याने रस्ता ओलांडावा लागत नाही. दोन्ही मुद्दे खरे आहेत. तरी तुम्हाला मी बॅन्फकडूनच सुरुवात करा म्हणेन. जॅस्पर १०६० मीटरवर आहे, म्हणजे एकूण हिशेबात तुम्ही उतरत जाता, आणि मोठा चढ चौथ्या दिवशी येतो, तोवर पाय रुळलेले असतात. कॅल्गरीहून बॅन्फ जवळ, पहिल्या दिवशी लेगसी ट्रेल या सायकलवाटेवर सायकल नीट जुळवून घेता येते. दुसऱ्या दिवशी मोठा महामार्ग टाळून बो व्हॅली पार्कवेने लेक लुईस. हा जुना रस्ता दाट झाडीतून कॅसल माउंटनच्या पायथ्याने जातो. अलीकडे मे-जूनमध्ये आणि सप्टेंबरात त्याच्या पूर्वेकडच्या १७ किलोमीटरांवर मोटारी बंद ठेवून तो सायकलींना मोकळा दिला जातो. वसंतात त्याच भागात रात्री आठ ते सकाळी आठ कुणालाच प्रवेश नसतो, सायकललाही नाही. ती वेळ प्राण्यांची. नियम दर हंगामात तपासून घ्या.

लेक लुईसला एक जादा रात्र मिळाली तर मोरेन लेकला सायकलने जा. २०२३ पासून खासगी गाड्या तिथे नेता येत नाहीत, त्यामुळे तो रस्ता सायकलसाठी फार सुंदर झाला आहे. तिसऱ्या दिवशी क्रॉसिंग, ७७ किलोमीटर. चौथ्या दिवशी फक्त पन्नासच, पण बिग हिल त्यातच. शेवटचे दोन दिवस सनवॉप्टा आणि अथाबास्का धबधब्यांवरून जॅस्पर.

सनवॉप्टा पासवर घाई करू नका. तिथे बॅन्फ पार्क संपतो आणि जॅस्पर पार्क सुरू होतो, पण सीमा नुसती कागदावरची नाही. खिंडीच्या दक्षिणेचं पाणी सस्कॅचवान नदीतून हडसन उपसागराला जातं आणि उत्तरेचं अथाबास्कातून, पुढे मॅकेन्झीतून आर्क्टिक महासागराला. शेजारच्या कोलंबिया आइसफील्डवरचं स्नो डोम हे शिखर तर तीन दिशांना पाणी देतं, तिसरं पॅसिफिकला. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात उभं राहून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते हे लहानपणी आजोबांनी दाखवलं होतं. या खिंडीवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला तेच आठवलं. पुढे लगेच अथाबास्का हिमनदी. तिच्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर कोणत्या वर्षी बर्फ कुठवर होता याच्या पाट्या आहेत. सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. एकेका पाटीपासून पुढे चालत बर्फापर्यंत जाताना जे कळतं ते आकड्यांतून कळत नाही. गटातल्या लोकांना मी तिथे एकटं चालू देतो, बोलत नाही.

हा रस्ता १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम म्हणून खोदला गेला आणि १९४० मध्ये खुला झाला. आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखंच. आणि १९०७ मध्ये जॅस्पर पार्क झाल्यावर दरीत राहणाऱ्या मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) कुटुंबांना घरं सोडावी लागली. कोयनेचं पाणी चढताना उठलेली गावं ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हा भाग न वगळणारा गाइड मिळाला तर नशीब समजा.

जॅस्परबद्दल एक. जुलै २०२४ च्या वणव्यात गावातल्या जवळपास एक तृतीयांश इमारती जळाल्या. गाव उभं राहतंय, पण खोल्या कमी आहेत आणि दक्षिणेकडे काळे पडलेले बुंधे मैलोन् मैल दिसतात. त्यामुळे शेवटच्या रात्रीची जागा सहल कंपनीने खरोखर पक्की केली आहे ना ते विचारा. वणव्याचा धूर जुलै अखेर ते ऑगस्टमध्ये कधीही येऊ शकतो. इथला हवेचा निर्देशांक आपल्यासारखा पाचशेपर्यंत जात नाही, तो १ ते १० आणि त्यापुढे असा असतो. पुण्याच्या सवयीने '७' बघून हायसं वाटून घेऊ नका. सात म्हणजे जास्त धोका, त्या दिवशी सायकल गाडीवर. धूर, थंडी आणि गर्दी यांचा मेळ घालून मला तुमच्यासाठी जूनचा शेवट ते मध्य जुलै हा काळ बरा वाटतो. उजेड रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे हळू चालवायला संकोच नको.

मिस्टरांच्या गुडघ्यासाठी बॅटरीची सायकल जरूर घ्या. या रस्त्यावर ती चालते, बहुतेक सहलींत मिळते, आणि चौथ्या दिवशी तिचं महत्त्व कळतं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा सपाटीवर मदत बंद ठेवायची. त्यांनी दुपारी गाडीत बसायचं ठरवलं तर बसू द्या, तुम्ही पुढे जा. दोघांनी सारखंच चालवलं पाहिजे या हट्टापायी मी चांगल्या जोडप्यांचे दिवस वाया गेलेले बघितलेत.

जेवण शाकाहारी हवं असेल तर आधी लेखी कळवा, आणि 'अंडं चालतं की नाही' हेही. घरून राजगिऱ्याची चिक्की, डिंकाचे लाडू, सातूचं पीठ आणलंत तर ते इथल्या गोड बारपेक्षा जास्त काम देतं. विमानतळावर खाण्याचं सगळं जाहीर करा, लपवू नका.

सरावासाठी रोज सिंहगड नको. शनिवार आणि रविवार असे लागोपाठ दोन दिवस सत्तर-ऐंशी किलोमीटर, आणि शक्य झालं तर सोमवारी सकाळी तीस. तिसऱ्या दिवशी खोगिरावर बसवतं का, हीच खरी परीक्षा. पाचगणीला पसरणी घाटाने चढून जा आणि तिथून उतरताना वाकलेल्या हँडलचे खालचे दांडे धरून, दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरत, वळणाआधी वेग कमी करायचा सराव करा. हे डिसेंबरच्या पहाटे, हातमोजे घालून करा. गारठलेल्या बोटांनी ब्रेक आणि गिअर कसे लागतात ते तुम्हाला तिथेच कळेल.

तुम्ही दोन सहलींची नावं पाठवली आहेत. पैसे भरण्याआधी दोघांनाही एकच प्रश्न लिहून पाठवा: बो समिटवर पाऊस लागला तर त्या क्षणी तुमची गाडी कुठे असेल? दोघांकडून जे उत्तर येईल ते जसंच्या तसं मला पाठवा, मग कोणती घ्यायची ते ठरवू.